काळ्या झुलीखालचे पांढरे कवच

मागच्या अंकात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या खडकाळ किनाऱ्यांवर राहणाऱ्या स्कूटस या काळ्या, गोगलगायीसारख्या दिसणाऱ्या लिंपेटचे (खडकाला चिकटून राहणाऱ्या, सहसा टोपीसारखे कवच असलेल्या समुद्री प्राण्याचे) छायाचित्र आणि चार ओळींची माहिती छापली होती. त्यावर देशातून आणि परदेशातून बरेच प्रश्न आले. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : सिडनीजवळ लाँग रीफला एका दगडाखाली तळहाताएवढे, काळे कुळकुळीत, मऊ असे काहीतरी चिकटलेले दिसले. पाठीवर मधोमध पांढरी रेघ होती. मुलीच्या मते ती बिनकवची गोगलगाय. तुमच्या छायाचित्रातला प्राणी हाच का? आणि कवच दिसतच नसेल, तर त्याला लिंपेट का म्हणायचे? (सिडनी)

हाच तो. आग्नेय ऑस्ट्रेलियात सापडणाऱ्या या जातीचे नाव स्कूटस अँटिपोडीस. फ्रेंच अभ्यासक माँफोर यांनी 1810 मध्ये तिचे वर्णन केले. तिकडे त्याला हत्ती-गोगलगाय असेही म्हणतात.

तुम्हाला दिसलेली पांढरी रेघ म्हणजेच त्याचे कवच. मृदुकाय प्राण्यांच्या अंगावर प्रावार नावाची त्वचेची घडी असते आणि कवच तयार करण्याचे काम तीच करते. साध्या लिंपेटमध्ये ती कवचाच्या आत राहते. स्कूटसमध्ये मात्र तिचे दोन्ही काठ डावी-उजवीकडून वर चढतात आणि हत्तीच्या पाठीवर झूल पडावी तसे कवच झाकून टाकतात. दोन्ही काठ मधोमध जिथे जवळजवळ भिडतात, तिथल्या फटीतून कवचाची पट्टी दिसते. ओल्या बोटाने झुलीच्या कडेला हलकेच स्पर्श करून क्षणभर थांबा. काठ मागे सरतात आणि पांढरे, चपटे, लांबट चौकोनी कवच उघडे पडते. खात्री करायला एवढे पुरेसे आहे. पुन्हा पुन्हा बोट लावू नका.

कवच अंगाच्या मानाने लहान असते. साधा लिंपेट धोका जाणवला की कवच खडकावर दाबून धरतो आणि आत सुरक्षित राहतो. याला ते जमत नाही. डोके, पाय, झूल, सगळे कायम बाहेर. म्हणून तो दिवसभर दगडाखाली किंवा कपारीत बसतो, भरपूर ओल असेल तिथेच राहतो आणि रात्री चरायला निघतो. त्याच्या वागण्यातल्या बहुतेक गोष्टींचे कारण हे तोकडे कवच आहे आणि पुढची बरीच उत्तरेही तिथेच जाऊन पोहोचतात.

आता लिंपेट का, याबद्दल. तो ज्या कुळातला आहे, त्या फिस्युरेलिडी कुळातल्या बहुतेक लिंपेटच्या कवचाला माथ्यावर एक छिद्र असते. डोक्याच्या बाजूंनी पाणी आत येते, दोन कल्ल्यांवरून फिरते आणि विष्ठेसकट त्या छिद्रातून बाहेर पडते. स्कूटसला छिद्र नाही, पण कवचाच्या पुढच्या कडेला एक उथळ खाच आहे आणि ती तेच काम करते. पिसासारखे दोन कल्ले असणे ही समुद्री गोगलगायींमधली फार जुनी ठेवण मानली जाते. बहुतेक शंखांमध्ये एकच कल्ला उरला आहे. रिकाम्या कवचाची आतली बाजू पाहिलीत तर घोड्याच्या नालेसारखा स्नायूचा ठसा दिसेल, तोंड पुढे उघडे असलेला. बहुतेक लिंपेटच्या कवचात तो असतो.

एक स्पष्ट करायला हवे. खडकाला चिकटणारे टोपीसारखे कवच प्राण्यांच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे अनेकदा तयार झाले आहे. त्यामुळे आपल्या कोकणातला सेलाना हा लिंपेट आणि स्कूटस हे दूरचे नातलग आहेत. छिद्रवाले लिंपेट त्याहून जवळचे.

प्रश्न : आमच्याकडे कातळावर ओहोटीला असाच काळपट, मऊ प्राणी दिवसाढवळ्या फिरताना दिसतो. हा स्कूटसच ना? (रत्नागिरी)

नाही. तुम्ही पाहता तो बहुधा ऑन्किडियम. आता त्याला पेरोनिया या वंशात ठेवतात आणि कोकणातली ओळखीची जाती म्हणजे पेरोनिया व्हेरुक्युलाटा. मात्र या वंशात एकसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. नुसत्या छायाचित्रावरून जातीचे नाव ठामपणे सांगू नये. वंशापर्यंत थांबावे.

दोघांमधला मोठा फरक तुमच्याच प्रश्नात आहे : दिवसाढवळ्या आणि ओहोटीला. ऑन्किडियम हवेत श्वास घेतो. अंगाच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूने त्याचे श्वासछिद्र असते. त्यामुळे पाणी ओसरले की तो फटीतून बाहेर येतो, कातळावरची शेवाळाची साय खरवडून खातो आणि भरती चढायच्या आत पुन्हा फटीत शिरतो. स्कूटस कल्ल्यांनी श्वास घेतो. त्याला पाणी लागते आणि उघड्या कातळावर उन्हात तो कधी सापडणार नाही.

शरीरावरूनही ओळखता येते. ऑन्किडियमची पाठ चामखिळींनी भरलेली, मातकट हिरवी ते काळपट असते. स्कूटसची झूल गुळगुळीत, एकरंगी काळी असते. ऑन्किडियमचे संस्पर्शक आखूड आणि डोळे त्यांच्या टोकाला असतात. स्कूटसचे संस्पर्शक जाड, लांब आणि डोळे त्यांच्या बुडाशी. पेरोनियाच्या पाठीवर मागच्या बाजूला झुडपासारखे कल्ल्यांचे झुपके दिसतात आणि काही चामखिळींवर प्रकाश जाणणारे बारीक डोळेही असतात. यांपैकी काहीच दिसत नसेल, तर पाठीवर हलके बोट ठेवा. स्कूटसच्या झुलीखाली टणक पाट लागतो. प्रौढ ऑन्किडियमला कवचच नसते, सगळे मऊ लागते.

तिसरा एक प्राणी लोकांना फसवतो. समुद्री ससा म्हणजे अप्लिसिया. तोही मोठा, मऊ आणि शेवाळ खाणारा. त्याच्या डोक्यावर कानासारखे दोन उभे संस्पर्शक असतात आणि चिडवले की बहुतेक जाती जांभळा रंग सोडतात. स्कूटस रंग सोडत नाही.

रत्नागिरीच्या आणि एकूणच कोकणातल्या वाचकांना सांगायला हवे की ऑन्किडियमवर मराठी माणसांनी पायाभूत काम केलेले आहे. मुंबई विद्यापीठाने 1948 मध्ये आवटी आणि करंदीकर यांचा ऑन्किडियम व्हेरुक्युलाटमवरचा प्रबंध छापला. शरीररचना, भ्रूणविकास आणि राहणी अशा तिन्ही अंगांनी या प्राण्याचा त्यात अभ्यास आहे. आपल्याच कातळावरच्या प्राण्यावरचे इतके नेटके काम आज कोकणातल्या महाविद्यालयांतही फारसे कुणी उघडत नाही, याची खंत वाटते. तुमच्याकडचा प्राणी स्कूटस निघाला नाही म्हणून हिरमुसू नका. निरीक्षणासाठी ऑन्किडियम जास्त सोयीचा आहे. तो स्वतःच बाहेर येतो, दगड उलटावे लागत नाहीत.

प्रश्न : न्यूझीलंडचा स्कूटस पाहायचा आहे. कोकणात असताना तिथीवरून भरती-ओहोटी काढायची सवय होती. इथे तो हिशोब चुकतो. नेमके केव्हा जावे आणि कसे शोधावे? (ऑकलंड)

तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ, हा हिशोब मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरताच खरा आहे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्रामुळे येणारी भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या वेळी पोहोचते. तिचा वेग आणि वळणे समुद्राची खोली व किनाऱ्याचा आकार ठरवतात. ऑकलंडच्या पूर्वेकडच्या वाइटेमाटा बाजूला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सकाळी आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास असते, म्हणजे मोठी ओहोटी दुपारी एक-दोनच्या आसपास आणि मग मध्यरात्रीनंतर. त्याच शहराच्या पश्चिमेला मनुकाऊच्या पाण्यात हीच वेळ सुमारे तीन तासांनी पुढे सरकते. म्हणून तिथे छापील तक्ताच वापरा. न्यूझीलंड सरकारचे भूमापन खाते, लिंझ, तो प्रसिद्ध करते. तिथीचा उपयोग एवढाच ठेवा : अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडा. तेव्हा उधाणाची ओहोटी सर्वांत खाली जाते.

स्कूटस ब्रेविक्युलस ही तिथली जाती ओहोटीच्या सर्वांत खालच्या पट्ट्यात आणि त्याखालच्या उथळ पाण्यात राहते. तक्त्यात ओहोटीची उंची 0.5 मीटरच्या खाली असेल असा दिवस घ्या. किनाऱ्यावर ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पाण्याच्या मागोमाग खाली उतरा आणि तक्त्यातली वेळ झाली की परत फिरा. पाणी वळल्यावर शोधत बसणाऱ्यांचीच फजिती होते.

शोधताना आधी दगड उलटूच नका. कपारींच्या छतावर आणि मोठ्या शिळांच्या सावलीतल्या बाजूवर विजेरी मारून पाहा. काळ्या सावलीत काळा प्राणी पटकन दिसत नाही, पण ओल्या झुलीवर उजेड चमकतो. नाहीच दिसला तर मग दगड.

दगड कोणता? दोन हातांनी सहज हलेल असा, वाळूत न रुतलेला, खाली पाणी किंवा ओल असलेला. लांबची कड धरून तो सावकाश आपल्याकडे उलटा, म्हणजे खालचे जीव आपल्या पायांकडे न येता पलीकडे निसटतात. स्कूटस दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेला असेल किंवा जमिनीवर बसलेला. एक-दोन मिनिटांत पाहून घ्या, छायाचित्र काढा आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने, त्याच खळग्यात ठेवा. प्राणी जमिनीवर असेल तर त्याच्यावर दगड टेकवू नका. आधी दगड जागी ठेवा आणि ओल्या हाताने प्राण्याला कडेशी सरकवा. तो आपोआप आत जातो.

दगड पालथा सोडला तर काय होते, हे समजून घ्या. खालच्या अंगावर स्पंज, नळीतले किडे आणि गोगलगायींची अंडी असतात. ऊन लागले की ती काही वेळात वाळतात. वरच्या अंगावरचे शेवाळ आता अंधारात गेलेले असते, ते कुजते. म्हणजे एका दगडाच्या दोन्ही बाजू मरतात आणि तिथे पुन्हा वस्ती व्हायला फार काळ जातो. शाळेची सहल गेलेला किनारा लांबूनही ओळखता येतो : पांढरे पडलेले, पालथे दगड. हे टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

रात्री जायचे असेल तर एकटे जाऊ नका, बंद बूट घाला आणि समुद्राकडे पाठ करू नका. सिडनीच्या वाचकांनी आणखी एक पाळावे : दगडाखाली बोटे घालू नयेत. तिथे निळ्या कड्यांचा ऑक्टोपस राहतो. त्याचा चावा दुखत नाही आणि जीव घेऊ शकतो.

प्रश्न : तळाची बाजू पाहण्यासाठी तो खडकावरून सोडवला तर चालेल का? (मेलबर्न)

नाही. घट्ट धरलेल्या प्राण्याला नखाने किंवा सुरीने उचकटले की पाय फाटतो आणि ती जखम जिवावर बेतते. शिवाय मेलबर्नला पोर्ट फिलिप बेमध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून आणि दोन मीटर खोलीपर्यंत कोणताही शिंपला-शंख गोळा करायला बंदी आहे. तळ पाहायचाच असेल तर उथळ पाण्यात चालणाऱ्या प्राण्यासमोर काचेचा तुकडा ठेवा. तो स्वतः काचेवर चढला की खालून पाहा आणि काच पुन्हा तिथेच टेकवा.

प्रश्न : माओरी लोक हा प्राणी खात, असे ऐकले. आपण तिसऱ्या-कालवे खाणारी माणसे. आणून शिजवावा का? (ऑकलंड)

माओरी त्याला रोरी म्हणतात आणि तो त्यांच्या खाण्यात होता, हे खरे. अंगाचा बहुतेक भाग म्हणजे पायाचा जाड स्नायू, त्यामुळे मांस चिवट.

तरी आमचे मत आणू नका असेच आहे, आणि कारण चवीचे नाही. न्यूझीलंडमधल्या ली गावाजवळचे गोट आयलंडचे सागरी अभयारण्य 1975 पासून पूर्ण संरक्षित आहे. तिथे आणि अशा सर्व राखीव क्षेत्रांत एक शिंपलाही उचलता येत नाही. बाकीच्या किनाऱ्यांवर दिवसाची मर्यादा असते आणि स्थानिक जमातींच्या मागणीवरून काही ठिकाणी तात्पुरती बंदीही लागते. हे नियम भागाभागाने वेगळे आहेत आणि बदलत राहतात. मागच्या वर्षी चालले म्हणून यंदा चालेल असे नाही. निघण्यापूर्वी सरकारी मत्स्य खात्याचे ‘एनझेड फिशिंग रुल्स’ हे ॲप उघडून त्या ठिकाणचा नियम आणि विषारी शेवाळाबद्दलचा इशारा पाहा. नियम मोडल्यास दंड होतो आणि ‘माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही.

दुसरे कारण : किनाऱ्याच्या एका तुकड्यावर तिसऱ्या जितक्या असतात तितके स्कूटस नसतात. एका कुटुंबाच्या रस्स्यापुरते काढले तरी त्या कपारी रिकाम्या होतात.

प्रश्न : घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत विकत आणलेल्या खडकासोबत एक काळी, मखमली गोगलगाय आली आहे. पाठीत पांढरी फट दिसते, रात्रीच फिरते. प्रवाळांना धोका आहे का? कशी सांभाळावी? (दुबई)

वर्णनावरून स्कूटस अंग्विस असावा. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या उष्ण पट्ट्यातली ही जाती लिनीअसने 1758 मध्येच नोंदवली होती. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या जाती थंड पाण्यातल्या. त्या प्रवाळांच्या टाकीत टिकल्या नसत्या. तुमचा पाहुणा उष्ण पाण्याचा आहे, हे चांगलेच.

त्याचे मुख्य अन्न शेवाळ. कानशीसारख्या दातेरी जिभेने तो काच आणि खडक खरवडतो आणि समुद्री पालाही खातो. काही पाळणाऱ्यांच्या टाक्यांत त्याने मऊ प्रवाळ कुरतडल्याच्या तक्रारी आहेत. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे लाल विजेरीने रात्री पाहात राहा. लाल उजेडात तो बिथरत नाही. प्रवाळावर बसलेला दिसला तरी लगेच दोष देऊ नका. तो खातो आहे की नुसता ओलांडून जातो आहे, हे दुसऱ्या दिवशी प्रवाळाच्या अंगावर खरवडल्याच्या खुणा आहेत का यावरून ठरवा.

पाणी प्रवाळांना लागते तेच ठेवा : तापमान 24 ते 26 अंश, क्षारता 35 पीपीटी किंवा विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) 8 ते 10 डीकेएच. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी घसरल्या तर झुलीखालचे कवच झिजते आणि ते झाकलेले असल्याने तुम्हाला उशिरा कळते. दुसऱ्या टाकीत हलवायचे असेल तर थेंबाथेंबाने पाणी मिसळत तासभर ते दीड तास द्या. क्षारतेतला अचानक फरक या उघड्या अंगाच्या प्राण्याला माशापेक्षा लवकर बाधतो.

बहुतेक मरतात ते उपासाने. सुरुवातीला टाकीत शेवाळ असते, प्राणी धडधाकट दिसतो. महिना-दोन महिन्यांत काच स्वच्छ होते, मालक खूश होतो आणि प्राणी खंगू लागतो. काच चकचकीत दिसू लागली की अन्न द्यायला सुरुवात करा. मीठ-मसाला नसलेल्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) साधारण पाच सेंटिमीटर चौरस तुकडा, आठवड्यातून तीनदा, दिवे मालवायच्या वेळी खडकाला चिमट्याने अडकवा. सकाळी उरलेला काढून टाका, नाहीतर तो कुजून नायट्रेट वाढवतो. झूल आक्रसून कवच सतत उघडे दिसू लागले किंवा दिवसाही प्राणी काचेवर लोंबकळताना दिसला, तर आधी पाणी तपासा, मग अन्न.

दुसरा धोका पंप. स्कूटस रात्री प्रत्येक कोपऱ्यात शिरतो आणि मऊ झूल पंपाच्या तोंडात ओढली जाते. सर्व पंपांना स्पंजची जाळी लावा आणि ती आठवड्याला धुवा.

तिसरा, आणि सर्वांत वेगाने मारणारा, म्हणजे तांबे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचे औषध देतात. त्या प्रमाणात ते प्रत्येक मृदुकाय प्राण्याला विष आहे. स्कूटसच्या रक्तात तांबे असते, पण ते प्रथिनात बांधलेले. पाण्यात सुटे झालेले तांबे वेगळे वागते. औषध वेगळ्या टाकीतच द्या. मुख्य टाकीत एकदा घातलेले तांबे खडक आणि वाळू शोषून घेतात आणि महिनोन्‌महिने थोडे थोडे सोडत राहतात.

नको असेल तर दुकानात परत द्या. समुद्रात सोडू नका. टाकीतले रोग आणि परके जीव त्याच्यासोबत बाहेर जातात. भारतातल्या वाचकांसाठी : सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा मेलेला खडकसुद्धा उचलणे गुन्हा आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेत आम्ही ‘केएलएच’ वापरतो. ते लिंपेटच्या रक्तातले प्रथिन आहे असे बाटलीवर लिहिले आहे. ते याच प्राण्याचे का? आमचे द्रावण वरचेवर गढूळ होते. (पुणे)

त्याच कुळातल्या दुसऱ्या प्राण्याचे. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बेपासून मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्यापर्यंत राहणारा मेगाथुरा क्रेन्युलाटा. त्याचीही झूल कवच जवळजवळ पूर्ण झाकते, फक्त माथ्यावरचे छिद्र उघडे राहते.

केएलएच म्हणजे ‘कीहोल लिंपेट हीमोसायानिन’, त्याच्या रक्तातले ऑक्सिजन वाहणारे प्रथिन. आपल्या रक्तात ऑक्सिजन लोहावर बसतो, यांच्यात तांब्याच्या दोन अणूंच्या मध्ये. ऑक्सिजन मिळाला की रक्त निळसर, गेला की रंगहीन. हा रेणू प्रचंड आहे, वजन 80 लाख डाल्टनच्या आसपास, आणि सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांपासून फार दूरचा. म्हणून सशाच्या किंवा उंदराच्या शरीराला तो चटकन परका वाटतो. एकट्याने प्रतिपिंड न जागवणारा छोटा पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) त्याला जोडला की प्रतिपिंड मिळतात, ते याचमुळे.

गढूळपणाची कारणे बहुतेक वेळा तीनच असतात. एक, गोठवणे. केएलएचचे द्रावण गोठवले की रेणू एकमेकांना चिकटून साका बसतो, तो पुन्हा विरघळत नाही. चार अंशांवर ठेवा. दोन, व्हॉर्टेक्सवर (नळी वेगाने घुसळणाऱ्या यंत्रावर) फिरवणे. फेस आला की प्रथिन बिघडते. बाटली हातात सावकाश कलती करत विरघळवा. तीन, कमी क्षार. जोडणीनंतर शुद्ध करताना बफरमध्ये 0.9 मोलर सोडियम क्लोराइड ठेवले तर जोडलेले केएलएच विरघळलेले राहते. थोडी दुधी, निळसर झाक मात्र चांगल्या द्रावणातही असते, तिला घाबरू नका. एवढ्या मोठ्या रेणूवर प्रकाश विखुरतोच.

आणि एक चूक नव्या विद्यार्थ्यांकडून हमखास होते. सशाला केएलएच-पेप्टाइड टोचायचे आणि एलायझाच्या (प्रतिपिंड मोजायच्या चाचणीच्या) प्लेटवरही तेच लावायचे. मग जो भरघोस सिग्नल येतो तो केएलएचविरुद्धच्या प्रतिपिंडांचाही असतो. प्लेटवर नुसता पेप्टाइड किंवा बीएसएला (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला) जोडलेला पेप्टाइड लावा.

या प्राण्याला मारावे लागत नाही. थोडे रक्त काढून त्याला पुन्हा टाकीत सोडतात. तरीही तो एवढ्या एकाच किनारपट्टीवर राहतो, हे बाटली वाया घालवताना आठवावे.

प्रश्न : लिंपेट चरून आपल्या ठरलेल्या जागी परत येतात असे वाचले होते. स्कूटसही येतो का? (नाशिक)

काही साधे लिंपेट येतात. वर्षानुवर्षे एकाच जागी बसल्याने त्यांच्या कवचाची कड आणि खडकातला खळगा एकमेकांत नेमके बसतात आणि ओहोटीत आतली ओल टिकते. स्कूटसच्या कवचाची कड खडकापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे असा खळगा घडणे शक्य नाही. त्याला हवी असते ओली, अंधारी कपार.

प्रश्न : एवढी मोठी झूल घेऊन फिरण्याचा फायदा काय? कवचच मोठे असते तर? (ठाणे)

याच कुळातल्या डायोडोरा ॲस्पेरा या उत्तर अमेरिकी लिंपेटवर निरीक्षणे झाली आहेत. शिकारी तारामासा अंगाला लागला की तो झूल झटक्यात वर ताणून कवच झाकतो. ताऱ्याचे पाय उघड्या कवचावर घट्ट धरतात, पण बुळबुळीत झुलीवर त्यांची पकड बसत नाही. त्याच्या झुलीखाली बरेचदा एक खवलेदार किडाही राहतो आणि तो ताऱ्याच्या पायांना चावतो. स्कूटसमध्ये झूल कायमच वर असते, म्हणजे हे संरक्षण कायम चालू. त्याची किंमत म्हणजे ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही.

प्रश्न : किनाऱ्यावर सापडलेले रिकामे कवच कसे स्वच्छ करावे? फोनवर या काळ्या प्राण्याचे छायाचित्रही नीट येत नाही. (वेलिंग्टन)

कवच आधी उलटे करून पाहा, आत कुणी राहात नाही ना. मग गोड्या पाण्यात दिवसभर भिजवा, मध्ये दोनदा पाणी बदला. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा. हिरवा थर उरला तर एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, अर्धा तास, आणि पुन्हा साध्या पाण्यात. व्हिनेगर, लिंबू किंवा फरशी धुण्याचे ॲसिड लावू नका. कवच चुनखडीचे असते. वाढीच्या बारीक रेषा आणि पुढची खाच पहिल्यांदा विरघळतात, आणि स्कूटस ओळखायला तीच खाच लागते. सावलीत वाळवा. आत पेन्सिलीने तारीख आणि किनाऱ्याचे नाव लिहा, त्याशिवाय कवचाला अभ्यासात किंमत नाही. न्यूझीलंडमध्ये परदेशातून शिंपले आणताना विमानतळावर जाहीर करावे लागतात. वाळू किंवा मांसाचा वास राहिलेले अडवले जातात.

छायाचित्राचे कारण असे, की फोन काळे अंग उजळायला जातो आणि त्यात कवच पांढऱ्या डागासारखे उडून जाते. बोटाने कवचावर फोकस धरा आणि प्रकाशाची खूण खाली ओढा, एक टप्पा कमी. फ्लॅश बंद, कारण ओल्या झुलीवर तो नुसता चमकतो. अंगावर छत्रीची सावली धरा. तीन फोटो लागतात : वरून पूर्ण अंग आणि शेजारी मोजपट्टी, समोरून डोके व संस्पर्शक, आणि झूल सरकल्यावर कवचाची पुढची कड. आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाणासोबत दगडाखाली होता की कपारीत, आणि ओहोटीच्या आधी की नंतर, हेही लिहा.